चेहरा जुळेना

शाळेत असताना सगळे तिला 'कॅमेरा' म्हणत. हे नाव गणिताच्या बाईंनी ठेवलं होतं. त्या फळ्यावर उदाहरण सोडवत असताना हिने वहीच्या मागच्या पानावर त्यांनाच काढलं होतं. एक भुवई दुसरीपेक्षा जराशी वर, बोलताना एका बाजूला ओढला जाणारा ओठ, कानामागे खोचलेला खडू, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. बाईंनी वही ओढून घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "वर्गात मुलगी बसवलीय की कॅमेरा?" मग त्यांनी हिला वर्गाबाहेर उभं केलं आणि ते पान अलगद फाडून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं.

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या उंच उंच इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या भरवशावर वरखाली होत, आणि त्यांचं स्वतःचं घर मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. जिना चढून दम लागला की ते पायरीवर बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत, "आमची लिफ्ट बंद आहे. मिस्त्री बोलावलाय, पण तो मेला येतच नाही." आई तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. धाकटा भाऊ शाळेत. दोन खोल्यांत चार माणसं. तिने जमिनीवर कागद पसरले की बाकीच्यांनी भिंतीच्या कडेकडेने चालायचं, असा घरातला अलिखित नियम होता.

इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येकाला तिने काढलं होतं. खालच्या मजल्यावरची काकू तर दर वर्षी यायची. "नाक आहे तस्संच काढ हं," म्हणायची, "फक्त जरा लहान काढ." बाबांना मात्र तिने कधी काढलं नाही. ते एका जागी बसतच नसत. नळ गळतोय, दार करकरतंय, पंखा आवाज करतोय, घरी आल्यावरही त्यांच्या हातात पाना असायचाच. ती मागे लागली की म्हणायचे, "मला काय काढायचंय? मी रोज फुकट दिसतो."

बारावी झाल्यावर तिने चित्रकलेच्या कॉलेजात जायचं म्हटलं तेव्हा मोठे काका मुद्दाम समजवायला आले. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि बोलण्यातही बटण दाबल्यासारखा ठामपणा होता.

"चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? भिंती रंगवायच्या असतील तर त्याला पदवी लागत नाही."

बाबा सहसा मोठ्या भावापुढे तोंड उघडत नसत. त्या दिवशी म्हणाले, "दादा, तिच्या हातात आहे ते. मी नाही घातलं, तूही नाही घातलंस. आता तिला काय सांगू, हात घरी ठेव आणि बाकीची कॉलेजला जा?"

काका चहा अर्धा टाकून गेले. दुसऱ्या दिवशी आईने कारखान्यातून जाड कापडाचे उरलेले तुकडे आणले आणि ब्रश ठेवायला कप्प्याकप्प्यांची एक पिशवी शिवली.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. उंच खिडक्यांचा स्टुडिओ, वर्षानुवर्षांच्या रंगांनी माखलेली फरशी, टर्पेंटाइनचा वास. बाटल्या, भांडी, चुरगळलेलं कापड, प्लास्टरचे पुतळे, जे समोर ठेवतील ते ती काढायची आणि काढून झालं की मागे घोळका जमायचा. शेजारच्या ईझलपाशी एक ताडमाड उंच मुलगी असायची, सगळे तिला लांबडी म्हणत. लांबडीची बाटली कायम एका बाजूला झुकलेली. "माझी बाटली स्वतःच प्यायलेली असते," ती म्हणायची आणि हिच्याकडून सरळ करून घ्यायची. त्यातून त्यांची मैत्री झाली.

दुसऱ्या वर्षी सर आले. आवाज इतका हळू की ऐकायला वर्गाला श्वास रोखावा लागे. त्यांचं कौतुक मिळावं म्हणून मुलं जीव टाकत. एके दिवशी मॉडेल म्हणून एक निवृत्त पहारेकरी खुर्चीत बसला होता, बसल्या बसल्या पेंगत होता. तिने त्याची हनुवटी छातीवर टेकते तिथली घडीसुद्धा धरली होती. सर मागे येऊन उभे राहिले.

"हा माणूस तुझ्या ओळखीचा आहे का?"

"नाही, सर."

"मग इतकी खात्री कुठून आली?"

आठवड्याच्या शेवटी सगळ्यांची कामं भिंतीला लावून चर्चा झाली तेव्हा सर तिच्या चित्रापाशी थांबले. "कॅमेरा म्हणतात ना तुला? कॅमेरा दुकानात मिळतो. त्यासाठी चार वर्षं शिकायला लागत नाही." वर्ग हसला. तीही हसली, कारण न हसता उभं राहणं आणखी कठीण होतं. मग सर मऊपणे म्हणाले, "तुझा हात फार हुशार आहे. तू बघायच्या आधीच तो उत्तर देऊन मोकळा होतो. त्याला विसर."

त्यांनी सगळ्यांनाच तसले अभ्यास दिले. डाव्या हाताने काढा. लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधून काढा. कागदाकडे न बघता काढा. बाकीच्या मुलांनी ते वर्गापुरतं केलं आणि सोडून दिलं. लांबडीने तर काठी छत्रीच्या दांड्यासारखी फिरवून दाखवली. पण ही बापाची लेक. लिफ्टची एक तार तपासायला सांगितली तर चारही तपासून येणाऱ्या माणसाची. ती घरीही डाव्या हाताने काढू लागली. ओळखीची रेघ उमटतेय असं वाटलं की तिथेच थांबायची, पुसायची, मुद्दाम चुकवायची. काकू नेहमीसारखी आली तेव्हा तिने हात जोडले. "काकू, मी आता तसं काढत नाही." काकू जिना उतरताना सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कॉलेजात गेली आणि येत होतं ते विसरली."

वर्ष संपताना सरांनी तिच्या एका करड्या, खरवडलेल्या कॅनव्हाससमोर उभं राहून मान हलवली. "आता काहीतरी तुटलंय. छान." किती दिवस ती तरंगतच होती. आईला सांगितलं, "सर म्हणाले तुटलंय." आईने काळजीने विचारलं, "काय तुटलं?"

मग ती वाट बघत राहिली. जुनं तुटलं म्हणजे त्या जागी काहीतरी येईल, असा तिचा सरळ हिशोब होता. काही येईना. रंग लावायची, पॅलेट नाइफच्या बोथट पात्याने खरवडायची, पुन्हा लावायची. कॅनव्हासवर चिखल साचत गेला. शेवटी धीर करून ती सरांच्या खोलीत गेली.

"सर, आता पुढे काय करू?"

"पुढचं मी कसं सांगणार?" ते म्हणाले. "ते तुझं तुलाच सापडलं पाहिजे."

सुट्टीत बातमी आली की सरांना दुसऱ्या देशात शिकवायची जागा मिळाली. निरोपाला सगळे जमले. सर एकेकाशी हात मिळवत पुढे येत होते. लांबडीपाशी थांबून, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कॅमेरा, सोडू नकोस हं." लांबडी गडबडली, "सर, मी नाही, ही—" पण तोवर ते पुढे सरकले होते. हिचा हात नुसताच दाबून, हसून, तिसऱ्याकडे.

बाहेर आल्यावर लांबडी म्हणाली, "म्हातारा विसराळू आहे गं." सर काही म्हातारे नव्हते. दोघींनाही ते माहीत होतं.

तिसऱ्या वर्षी सरांच्या जागी एक मॅडम आल्या. कडक, स्पष्ट, हातात कायम पेन्सिल. तिचं काम बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "रेघ थरथरतेय. पायाच कच्चा आहे. पहिल्या वर्षी कुणी शिकवलं तुला?"

मॅडमनी तिला पुन्हा बाटलीसमोर बसवलं. ती मनातून सुटल्यासारखी झाली. स्वतःशीच म्हणाली, चला, परत घरी. उजव्या हातात पेन्सिल धरली, बाटलीकडे बघितलं, आणि हात निघेचना. निघाला तो अडखळत. प्रत्येक रेघेच्या आधी कुणीतरी विचारत होतं, इतकी खात्री कुठून आली? बाटलीची कड डोळ्याला स्वच्छ दिसत होती. कागदावर पडत होती ती भलतीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ शाबूत होता, पीळच गेला होता.

ती रोज बसायची. थोड्या दिवसांत येईल, असं मॅडम म्हणायच्या. लांबडी म्हणायची. तीही म्हणायची. लांबडी आता हिच्या शेजारी बसताना स्वतःचा कागद जरा तिरका धरायची, हिला दिसू नये म्हणून, आणि हिच्या ते लक्षात यायचं.

त्याच वर्षी बाबांचा खोकला सुरू झाला. आधी ते जिन्यात एकदा बसायचे, मग प्रत्येक मजल्यावर बसू लागले. लिफ्ट बंद असल्याचा विनोद करायलाही श्वास पुरेना. शेवटचं वर्ष सुरू झालं तेव्हा ते इस्पितळात होते. फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं आणि आईने तिला, चपला घालता घालता, दुसरीकडे बघत. आईला कारखाना सुटत नव्हता. त्यामुळे दिवसा बाबांजवळ ती बसायची.

एका दुपारी ते म्हणाले, "काढ आता मला."

तिने त्यांची चादर सारखी केली.

"इतकी वर्षं म्हणत होतीस ना, बाबा एका जागी बसा. बघ, बसलोय."

"उद्या काढते, बाबा. आज प्रकाश बरा नाही." खिडकीतून चांगला लख्ख उजेड येत होता.

दुसऱ्या दिवशी तिने तेच सांगितलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, नुसतं तिच्या पिशवीकडे बघितलं. मग तिने कागद काढला.

तिला सगळं दिसत होतं. कानशिलापाशी पडलेला खळगा. नळीने गालावर उठलेला वळ. पापणी मिटताना शेवटच्या क्षणी अडते ते. एक दात किडलेला असल्यामुळे ओठ एका बाजूला घट्ट धरायची त्यांची सवय. आजवर तिने कुठलाच चेहरा इतका नीट बघितला नव्हता. आणि कागदावर एक म्हातारा उतरत होता, जो कुणीही असू शकला असता. तिने पुसलं, पुन्हा काढलं. नाक सरकवलं तर डोळे परके झाले, डोळे जुळवले तर तोंड दुसऱ्याचं झालं. बाबा मान न हलवता बसले होते, जणू ते हलले तर तिचं चुकेल.

"दाखव," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला.

"हा कोण?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. वॉर्डातल्या दुसऱ्या कुणा पेशंटला काढलं असेल, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"अगं हो, मीच की," ते घाईघाईने म्हणाले. "आजारात माणूस कसा बदलतो बघ. आरशात बघून किती दिवस झाले." नर्स आली तेव्हा त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. "माझ्या मुलीने काढलंय मला. कॉलेजात शिकते." नर्सने कागदाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. "छान आहे," म्हणाली आणि नाडी मोजायला लागली.

ती कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्यांना चित्र आवडलं नसतं तर ते सहन झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात बाबा गेले. घरात माणसं जमली, जिना दिवसभर वाजत होता. रडणं थोडं ओसरल्यावर आत्याने विषय काढला. "बाहेरच्या खोलीत लावायला फोटो कशाला मोठा करायचा? घरात चित्रकार आहे. लेकीच्या हातचं असू दे." सगळ्यांनी माना डोलावल्या. आईने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत आग्रह नव्हता, विश्वास होता.

बाबांचा धड फोटो एकच होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा. तिने तो कॉलेजात नेला. सरळ काढून जमेना तेव्हा फोटोवर बारीक चौकोन आखले, कॅनव्हासवर तितकेच मोठे चौकोन आखले आणि एकेक चौकोन उतरवत गेली. शाळेतली मुलंही असं काढतात आणि त्यांचं जुळतं. तिची मापं जुळली. फूटपट्टी लावून बघितलं तर डोळे डोळ्यांच्या जागी होते आणि कान कानाच्या. फक्त बाबा नव्हते. तिने दुसरा कॅनव्हास घेतला. मग तिसरा, मग पुढचा. मॅडम मागून जाताना थांबत, मग पुढे जात.

त्यातला त्यात बरा होता तो तिने घरी नेला आणि खुर्चीवर टेकवला. आई कारखान्यातून आली, पिशवी न ठेवताच बघत राहिली.

"डोळे त्यांचेच आहेत," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ठेवून दे आत."

दुसऱ्या दिवशी धाकटा कुणाला न विचारता ओळखपत्र दुकानात घेऊन गेला आणि फोटो मोठा करून आणला. इतका ताणलेला की जवळून नुसते ठिपके दिसत, आणि खांद्यावर कंपनीच्या शिक्क्याची अर्धी निळी गोलाई. तो बाहेरच्या खोलीत लागला. आत्या आली तेव्हा बघून म्हणाली, "बाई, अगदी बोलतील असे." मग ही समोरच उभी आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ती पाणी प्यायला आत गेली.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनात प्रत्येकाला एक भिंत मिळायची. तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. तिने बाबांचे सगळे न जुळलेले चेहरे ओळीने लावले. बाहेरून आलेल्या परीक्षकांपैकी एकजण तिच्या भिंतीसमोर रेंगाळले.

"एकाच माणसाला पुन्हा पुन्हा हरवू दिलंयस तू. चेहरा हाताशी येतो आणि निसटतो. हे न जुळणं फार धाडसाचं आहे. कसं सुचलं?"

"सुचलं नाही, सर," ती म्हणाली. "मला जुळवायचं होतं. जमलं नाही."

परीक्षक हसले. त्यांना तो विनय वाटला. मॅडम हसल्या नाहीत, त्या खाली बघत राहिल्या. तिला पहिला वर्ग मिळाला, आणि त्या भिंतीबद्दल खास उल्लेखही झाला. लांबडीने मिठी मारली. ही म्हणाली, "जाऊ दे गं."

शेवटच्या दिवशी आई बघायला आली. कारखान्यातून थेट, केसांत दोऱ्याचं एक बारीक टोक अडकलेलं. ती भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली, प्रत्येक चेहऱ्यासमोर थांबत, एखाद्या अनोळखी घरी पाहुण्यांची ओळख करून घ्यावी तशी.

"ह्यांतला एकही हसत नाही," ती म्हणाली. "ते हसायचे गं."

आणि मग, "इथे बसायला कुठे मिळेल? पाय भरून आलेत."

प्रदर्शन उतरवल्यावर कॅनव्हास घरी ठेवायला जागा नव्हती. तिने ते पांढऱ्या रंगाने रंगवून खालच्या वर्गातल्या मुलांना देऊन टाकले.

आता ती कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. साच्यातून निघालेली मुंडकी तिच्या टेबलावर रांगेने येतात. पत्र्याचा कापीव साचा चेहऱ्यावर ठेवायचा, फवारा मारायचा, भुवई होते. दुसरा साचा, ओठ. साचा असल्यामुळे हात थरथरला तरी चालतं. मालक तिच्या कामावर खूश आहे, कारण सगळे चेहरे सारखे येतात. मोठे काका भेटले की म्हणतात, "बरं झालं, शिक्षणातलंच काम मिळालं." ते टोमणा मारत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं.

मध्यंतरी लांबडीचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं. ही कामावरून परस्पर गेली. रिकाम्या जिन्यांची आणि बंद दारांची चित्रं होती, लोक थांबून बघत होते. ही प्रत्येकासमोर उभी राहिली. लांबडी मागे मागे फिरत होती.

"खरं सांग," लांबडी म्हणाली. "बाकी सगळे गोडच बोलतात."

"ह्या चित्रात तो कोपऱ्यातला पिवळा नको होता. बाकीचं सगळं त्याच्याकडेच बघत बसतं."

लांबडीने चित्राकडे बघितलं. पुष्कळ दिवस तिला त्या चित्रात काहीतरी खुपत होतं आणि ते काय, हे आत्ता कळलं.

"तू असं बघतेस," ती म्हणाली, "आणि भुवया फवारत बसतेस. पुन्हा सुरू का करत नाहीस?"

"बंद कुठे केलंय? रोज घरी गेल्यावर बसते." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी संपली आहे असं सांगावं तसा. "मला दिसतं गं सगळं. पूर्वीपेक्षा जास्त दिसतं. हात तिथपर्यंत जात नाही."

लांबडीला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली, फोटोसाठी. ती "थांब हं, आलेच," म्हणून गेली. ही थोडा वेळ थांबली. मग गर्दी वाढली, आणि उशीर झाला तर आई जेवायची थांबते म्हणून ती निघाली.